रोह्याच्या काट्यावरचं कार्ड

संगणकातल्या एका कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकण्याचा प्रस्ताव फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी ईमेलने आला. पाठवणारा परदेशातला होता. कारण त्याने दोन ओळींत दिलं होतं: कित्येक वर्षांत या कोडमध्ये किरकोळ साफसफाईखेरीज काही झालेलं नाही, आणि ते कार्ड कुणी वापरत असल्याचं दिसत नाही.

ती साफसफाई तपासायचं काम माझं होतं. हा ड्रायव्हर म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या, फुकट मिळणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टीमचा छोटासा भाग. त्या जुन्या कार्डाला संगणकाशी जोडण्यापुरता. रोह्याला कंपन्यांच्या रस्त्यावर माझ्या मामांचा वजनकाटा आहे. ट्रक काट्यावर चढला की वजन त्या कार्डातून संगणकावर यायचं. नवी आवृत्ती टाकल्यावर ते येईना, म्हणून मी बिघाड शोधून दुरुस्ती पाठवली. ती स्वीकारली गेली आणि देखभाल करणारा म्हणून माझं नाव लागलं. पगार नव्हता. नोकरी पेणला, हे काम घरी.

पुढे दुरुस्त्या आल्या नाहीत. साफसफाई आली. कुणी ओळीच्या शेवटची मोकळी जागा काढायचा, कुणी कंस सरळ करायचा. बहुतेक नवशिके. एक बदल स्वीकारला गेला की पुन्हा दिसत नसत. कार्ड त्यांच्यापैकी कुणाकडेही नव्हतं. एकाने कार्डातून आकडा वाचणारी एक ओळ काढली होती, कारण तो आकडा पुढे कुठे वापरला जात नव्हता. तो वाचल्याशिवाय कार्ड पुढचं वजन देत नाही, असं मी कळवलं. त्याने ओळ परत ठेवली. अडवलेला हा एकच बदल मला आठवतो. बाकीच्यांना मी मंजुरी दिली. प्रस्तावात पुरावा म्हणून त्याच मंजुऱ्या जोडल्या होत्या.

वापरणारा आहे, रोह्यात आहे, असं मी उत्तर पाठवलं. त्यावर विचारणा झाली: नव्या आवृत्तीची चाचणी खऱ्या कार्डावर करून निकाल पाठवाल का? पाठवलात तर प्रस्ताव मागे घेतो. मागणी रास्त होती.

मामांना फोनवर एवढंच म्हटलं की रविवारी काट्यावर येतो. "ये की, जेवायलाच ये," ते म्हणाले.

रविवारी रोह्याला गेलो. काट्याच्या खोलीत टेबलावर संगणक नव्हता. भिंतीला एक छोटा काळा डबा होता आणि मामा मोबाईलवर वजन बघत होते.

"संगणक कुठाय?"

"तो व्हय? भंगारात दिला. गणपतीच्या आधीच गेला."

"मला बोलला नाहीत."

"तुला काय बोलायचं त्यात? काटेवाला आला, डबा लावून गेला. तुझा तो संगणक तापायचा रे. पंखा त्याला, नि आम्ही घामात."

बाकावर पावतीसाठी थांबलेला ट्रकवाला हसला. "मामा, एक दिवस भाच्याला पण भंगारात घालाल."

"त्याला कोण घेतो? वजन कुठं हाय त्याला."

मी कार्डाचं विचारलं.

"आतच राह्यलं. काढून ठेवायचं व्हतं काय? मग बोलायचंस ना."

भंगाराचं दुकान जवळच होतं. तो माल कधीच पुढे गेला, असं दुकानदाराने सांगितलं. जेवण मामांकडेच झालं. गणपतीनंतरही मी घरी बसून बदल तपासत होतो, मंजूर करत होतो.

कार्ड आणखी कुणाकडे आहे का, असं मी सगळ्यांना ईमेलने विचारलं. एकच उत्तर आलं. त्या माणसाच्या खणात कार्ड होतं, पण ते बसेल असा संगणक त्याच्याकडे उरला नव्हता. मी आधीचं म्हणणं मागे घेतलं. वापरणारा कुणी नाही, असं लिहून दिलं.

नियमाप्रमाणे ड्रायव्हर काढण्याचा बदलही तपासणीला माझ्याकडेच आला. मी तो पूर्ण वाचला. एका यादीत ड्रायव्हरच्या नावाची ओळ काढायची राहून गेली होती, ती दाखवून दिली. सुधारलेला बदल दुसऱ्या दिवशी आला. मी मंजुरी दिली. पुढच्या आवृत्तीत तो स्वीकारला गेला. देखभाल करणाऱ्यांच्या यादीतलं माझं नाव त्याच बदलात निघालं.