चिंचेचं पातेलं

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, प्रोपगंडा हा शब्द आला कुठून? आधी शाळेतलं उत्तर देते. लॅटिनमध्ये त्याचं मूळ माळ्याच्या कामाचं आहे. वेलीची फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, मुळं फुटली की आईपासून कापायची. आपल्या अंगणातला मोगरा मी असाच वाढवला. पुढे रोमच्या धर्मगुरूंनी धर्म पसरवणाऱ्या आपल्या मंडळासाठी तोच शब्द घेतला आणि तिथून तो राजकारणात आला.

आता घरातलं उत्तर.

बीदरजवळच्या आपल्या राजेश्वर गावात आपल्याकडे दूध घालणारी एक विधवा होती. दोन म्हशी, त्यावर तिचं घर. एका सकाळी तिचं दूध फाटलं. मी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘दुधात काहीतरी मिसळलेलं असावं.’ शेजारच्या सुनेनं ते कन्नडमध्ये टाकलं, त्यात ‘असावं’ गळलं. कुणीतरी दखनी उर्दूत लिहिताना त्यात धुण्याची पावडर घातली. संध्याकाळी बीदरहून माझ्या नणंदेचा फोन आला, की तुमच्याकडची दूधवाली पावडर मिसळते म्हणे. आपल्याकडे एक गोष्ट तीन भाषांत ऐकली की तिला तीन साक्षीदार मिळाले असं धरतात. मीही धरलं. माझीच फांदी मी ओळखली नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी लावताना कळलं. आदल्या रात्री ज्यात चिंचेचं सार केलं, त्याच पातेल्यात मी दूध तापवलं होतं, नुसतं विसळून. माझ्या घरात प्रत्येक भांड्याची जागा ठरलेली आहे, हे साऱ्या गल्लीला माहीत. अशी चूक मी केली, हे लिहायला माझा हात उठला नाही.

पोरं तिला साबणवाली म्हणू लागली. फेस दाखव म्हणत मागं लागायची. आठवड्याभरानं, फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलेले ते मेसेज मोबाईलवर घेऊन ती माझ्याकडे आली.

“लोक दूध कामून नको म्हणायलेत, अक्का? तुमी शिकलेल्या. कुनी लिवलंय ते बघा की.”

मी चष्मा लावला. तिन्ही भाषांतलं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, शब्द न् शब्द. मग म्हणाले, यावरून काही कळत नाही.

पावसाळ्याआधी तिनं दोन्ही म्हशी विकल्या. आता ती आपल्याकडे भांडी घासते. मीच बोलावलं. गल्लीत माझं कौतुक झालं, तेही मी ऐकून घेतलं.

मागच्या सोमवारी तिनं ते पातेलं नाकाशी धरलं.

“ह्यात चिंच शिजवताव का, अक्का? मग ह्यात दूध नगा तापवू. फाटतंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही.

मी म्हणाले, “नीट घास.”