सासरे हळू बोलायला शिकले त्याची गोष्ट

आवाजाच्या बाबतीत आमच्या सासऱ्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या मावळात झाला नाही, आणि पुढे कधी व्हायचाच असेल तर त्याने आधी आमच्या सासऱ्यांकडे शिकवणी लावावी. तळेगावच्या एका कारखान्यात, जिथे लोखंडावर दिवसभर अजस्र घण पडत असतात, त्या खात्यात त्यांचा उभा जन्म गेला. तिथे घणाच्या वर आवाज काढेल तोच सुपरवायझर. सासऱ्यांनी तो काढला, बढती मिळवली, आणि मग तोच आवाज जेवणाच्या डब्याबरोबर रोज घरी आणला. त्यांचं घर कान्हे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे, अर्थात हाक त्यांची धरली तर. आपली गाडी कोणत्या फलाटावर येणार हे स्टेशनवरच्या लोकांना घोषणेतून कळायचं नाही, पण सासऱ्यांच्या म्हशीने आज दूध किती दिलं ते मात्र कळायचं. फोनवर ते कामशेतच्या माणसाशी बोलू लागले की मध्ये फोन कशाला, असा प्रश्न मला नेहमी पडे.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. मी पोह्यांचा पहिला घास तोंडात घालतोय तोच त्यांनी विचारलं, "काय करता आपन?" प्रश्न साधाच होता. पण तो ज्या पट्टीत आला त्या पट्टीत मी आजवर फक्त पोलीस ऐकले होते. मी नोकरी सांगितली, पगार सांगितला, आणि कुणी विचारला नसताना रक्तगटही सांगितला. सासऱ्यांना मी तिथेच पसंत पडलो. "पोरगं खरं बोलतंय," असा निकाल त्यांनी आतल्या खोलीत जाऊन हळूच सासूबाईंना सांगितला, तो बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या ड्रायव्हरनेही ऐकला.

खरी गंमत अशी की, आपण ओरडतो हे सासऱ्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी ते बोलत होते. त्यापायीच एक दिवस घात झाला. माझ्या मेहुण्याने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला त्याच्या ऑफिसची मंडळी आली होती, त्याचे मोठे साहेबही होते. सासऱ्यांनी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, बाल्कनीत उभं राहून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाले, "चांगलं हाय! पर ह्यापरीस आपला गोठा मोटा हाय की रं!" त्यांच्या मते हे ते मुलाच्या कानात म्हणाले होते. साहेब हसले, साहेब हसले म्हणून बाकीचे हसले, आणि खालच्या मजल्यावरचंही कुणीतरी हसलं. मेहुणा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून तो वडिलांशी बोलेनासा झाला. गावी यायचं बंद. फोन करायचा तो आईला. सासऱ्यांनी उचलला तर पलीकडून एकच वाक्य येई, "आईकडे द्या." सासरे फोन देत आणि गोठ्यात जाऊन म्हशीवर ओरडत. म्हैस बिचारी माहेरी जायची सोय नसल्यामुळे ऐकून घेई.

अशातच कारखान्यात नवे साहेब आले. सुपरवायझर लोकांनी माणसांशी माणसासारखं बोलावं असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि सगळ्यांना तीन दिवस लोणावळ्याच्या एका हॉटेलात व्यावसायिक संवादकौशल्याच्या कोर्सला धाडलं. बाकीच्यांनी त्याचा योग्य तो अर्थ घेतला. म्हणजे दुपारचं जेवण झालं की कुणी पोहण्याच्या तलावावर, कुणी चिक्कीच्या दुकानात, आणि ज्यांना कुठेच जायचं नव्हतं ते मागच्या खुर्च्यांवर गारव्यात झोपले. सासरे पहिल्या रांगेत बसले. शिकवायला त्यांच्या मुलीच्या वयाच्या एक मॅडम होत्या. सासऱ्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला, आणि मॅडमनी ध्वनिक्षेपक खराब झाला म्हणून माणूस बोलावला. पण तिसऱ्या दिवशी जो माणूस लोणावळ्याहून परतला तो वेगळाच होता. घरात शिरता शिरता त्याने सासूबाईंच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, मान डोलावली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "कशी हायेस?" सासूबाईंनी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि मग मला फोन केला.

कोर्सात शिकवलेलं त्यांना मुखोद्गत होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. तो जे बोलला ते 'म्हणजे तुमचं म्हणणं असं की' असं म्हणून त्यालाच परत ऐकवायचं, म्हणजे त्याला बरं वाटतं. 'तू असा, तू तसा' म्हणायचं नाही, 'मला असं वाटतं' म्हणायचं. राग आला की आधी घोटभर पाणी प्यायचं. आणि तक्रार करायचीच असेल तर एक स्तुती आधी आणि एक नंतर, अशी मध्ये घालून द्यायची. हा शेवटचा धडा मॅडमनी सँडविचचं नाव घेऊन शिकवला होता. सासऱ्यांनी तो मावळात आणताना सुधारून घेतला. "पाव्हणं, वडापाव म्हना की! वर पाव, खाली पाव, मदी मिरची. मिरची नुसती दिली तर मानूस थुकतोय."

पहिला वडापाव सासूबाईंच्या वाट्याला आला. मी जेवायला होतो. सासऱ्यांनी आमटी चाखली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आमटीला रंग लय झ्याक आलाय. मला असं वाटतं, की मीठ जरा चढलंय. ताट मातर आरशावानी घासलंय." सासूबाईंनी पळी खाली ठेवली. "खारट झालीया म्हना की सरळ! आन ताटाचं कवतिक कुनाला सांगताय? जल्मभर मीच घासतीया." सासऱ्यांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, मान डोलावली. "म्हंजी तुजं म्हननं असं, की..." पुढचं ऐकायला सासूबाई थांबल्या नाहीत.

बांधाच्या शेजाऱ्याशी झालं ते जरा महागात पडलं. तो तावातावाने अंगणात आला की, तुम्ही माझा बांध कोरलात. एरवी सासऱ्यांच्या एका आवाजात तो बांधासकट मागे सरकला असता. पण सासऱ्यांनी त्याला खाट दिली, चहा दिला, मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि चार माणसांदेखत शांतपणे म्हणाले, "म्हंजी तुमचं म्हननं असं, की मी तुमचा बांध कोरला." "व्हय!" "आन त्यामुळं तुमच्या जिवाला तरास झाला." "झाला तर!" शेजारी चहा पिऊन थेट चावडीवर गेला आणि सासऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणून सांगत सुटला. मोजणी होऊन बांध जागच्या जागी निघेपर्यंत सासऱ्यांना बरंच पाणी प्यावं लागलं.

आणि मग तो दशक्रिया विधी. गावचे एक जुने सरपंच, आबा, वारले होते. आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर प्रवचन होतं, मग ओळीने श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि त्यात गेलेला माणूस कसा देवमाणूस होता हे इतकं सांगतात की घरच्यांनाही नवल वाटावं. त्या दिवशी पिंड मांडून ठेवला होता, पण कावळा काही शिवत नव्हता. भाषणं लांबत चालली होती. सासऱ्यांचं नाव पुकारलं. ते उठले, सगळ्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि कोर्सच्या आवाजात बोलू लागले. "आबा म्हंजी उंचापुरा मानूस. फेटा बांदावा तर आबांनी." लोकांनी माना हलवल्या. "मला असं वाटतं, की पान्याच्या टाकीचं शिमीट आबांनी सोताच्या ओसरीला वापराया नको हुतं." घाटावर नदीचं पाणी तेवढं ऐकू येऊ लागलं. सासऱ्यांनी मात्र शांतपणे खालचा पाव ठेवला. "पर ओसरी लय झ्याक झालीया. आबांच्या आत्म्यास शांती लाभो." आबांचे चिरंजीव बाह्या सरसावून उठले, आणि तेवढ्यात कावळा शिवला. आता कावळा शिवल्यावर कुणी काय बोलणार? आबांना मान्य आहे, असाच त्याचा अर्थ झाला. चिरंजीव खाली बसले.

मी पोट धरून हसत असे. सासरे हे सगळं कशासाठी करताहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग एका गुरुवारी आलं. गुरुवारी आमच्या दोघांच्याही कारखान्यांना सुट्टी असते, आणि सासूबाई सकाळीच शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जातात. आम्ही दोघेच ओसरीवर होतो. सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि म्हणाले, "पाव्हणं, एक काम करा. तुमी माजा पोरगा व्हा. मॅडमनी असंच करून घेतलं हुतं आमच्याकडून. तुमी बोला, मी ऐकतो."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं आणि मेहुण्याच्या आवाजात म्हणालो, "दादा, तुम्ही सगळ्यांसमोर माझी लाज काढलीत. किती हौसेनं घर घेतलं होतं मी." सासऱ्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मान डोलावली. "म्हंजी तुजं म्हननं असं, की..." म्हणाले, आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. घोटभर पाणी प्यायचा धडा रागासाठी होता, पण त्यांनी तेव्हा तांब्या अर्धा केला. मला फार वाईट वाटलं. माणसाने एवढा कोर्स करावा, आणि एक वाक्य काही पुरं होऊ नये.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मेहुण्याचाच होता. आई शिरगावला गेल्याचं त्याच्या ध्यानात नसावं. सासऱ्यांनी उचलला. पलीकडून नेहमीचं वाक्य आलं असणार, पण सासरे हलले नाहीत. इतक्या हळू आवाजात बोलले की शेजारी बसलेल्या मला कान द्यावे लागले. "ती न्हाई घरात. मला असं वाटतं, की तू बोलावंस. मी ऐकतो." "मी मदी बोलनार न्हाई," सासरे आणखी हळू म्हणाले. फोन कट झाला.

त्यांनी फोन खाटेवर ठेवला. "ठेवला त्यानं," म्हणाले. त्या घरात मी इतकी शांतता पहिल्यांदाच ऐकत होतो. मी चहा करून आणला, तो तसाच राहिला.

उन्हं वर आली तेव्हा अंगणात मोटरसायकल येऊन धडकली. मेहुणा ती धड उभीही न करता धावत आला. केस विस्कटलेले, घामाने डबडबलेला. सासऱ्यांकडे न बघता माझा दंड धरून म्हणाला, "दादांना काय झालंय? दवाखान्यात नेलं का? अहो, आवाजच नाही राहिला त्यांच्यात! 'मला असं वाटतं' म्हणाले मला! आणि तुम्ही कुणी कळवलं नाही?"

मी काही सांगणार एवढ्यात सासरे उठले. त्यांनी मुलाच्या डोळ्यांत बिळ्यांत काही पाहिलं नाही. त्यांची नजर त्याच्या डोक्यावर गेली. आणि घणाच्या वरचा तो जुना आवाज, लोणावळ्याच्या त्या हॉटेलपर्यंत पोचावा असा, बाहेर पडला. "हेल्मेट कुटंय? ट्रका धावत्यात त्या रस्त्यानं बोडक्या डोक्यानं आलास व्हय रं?"

आंब्यावरचे सगळे बगळे उडाले. मेहुणा पायरीवरच बसला. "बरे आहेत," मला म्हणाला, "बरे आहेत हो," आणि तोंड हातात धरून हुंदके देऊ लागला. सासरे भांबावले. कोर्स आठवून घाईघाईने म्हणाले, "गाडी मातर झ्याक पुसलीया." मिरची आधी गेली होती, पाव मागाहून आला. मग ते त्याच्याशेजारी पायरीवर बसले. मेहुणा बोलत राहिला, वास्तुशांतीपासूनचं सगळं बोलला, आणि सासरे खरोखरच मध्ये बोलले नाहीत.

आता ते निवृत्त झालेत. त्या घणांनी जन्मभर जे दिलं त्याच्या बदल्यात त्यांचे कान नेले. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही कमी झालंय. कान्हे स्टेशनवरची घोषणा हल्ली अंगणात स्पष्ट ऐकू येते, आणि ती ऐकली की मला उगाच चुकल्यासारखं होतं. मेहुणा दर शनिवारी येतो. परवा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तो फ्लॅटच्या बाल्कनीबद्दल काहीतरी सांगत होता, इतक्या मोठ्याने की शेजारी डोकावून गेले. सासरे त्याच्या डोळ्यांत बघत होते, मान डोलवत होते. त्याने थकून विचारलं, "दादा, ऐकू येतंय का काही?"

"न्हाई," सासरे म्हणाले. "पर तू बोल. मी ऐकतो."