खडीसाखरेचा खडा

देवीपुढे कापूर पेटवायचा, ज्योत डोळ्यांना दिसायची, धूरही डोळ्यांत जायचा, पण वास म्हणून यायचा नाही. त्या वर्षी हे रोजचंच झालं होतं. वास यायचा तो एकच, माझ्याच नाकाच्या आतून, उजव्या बाजूने, काहीतरी कुजल्यासारखा. देवघरात बसलं की वाटायचं, अशा बाईने देवीच्या इतक्या जवळ बसावं तरी का? मग मी कशीबशी पूजा उरकून उठायची. खरं सांगते, मी देवीवर रुसले होते. तुळजापूरची भवानी आमची कुलदेवी. लग्न होऊन दिल्लीला निघाले तेव्हा सासूबाईंनी तिचा टाक माझ्या ओटीत घातला होता. परमुलखात इतकी वर्षं तिचं सगळं नेमाने केलं, आणि तिला साधं माझं नाक सांभाळता येऊ नये? घटस्थापना केली खरी त्या नवरात्रात, पण माझं तोंड फुगलेलंच होतं.

ह्यांची केंद्र सरकारात नोकरी. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आमची मुक्ता लहानाची मोठी झाली. मग ह्यांच्या ऑफिसातल्या मंडळींनी मिळून सोसायटी काढली आणि आम्ही यमुना ओलांडून नोएडाला राहायला आलो. तेव्हा तिकडे जिकडेतिकडे बांधकामं चालू होती. आज मोकळा दिसलेला प्लॉट चार दिवसांनी ओळखू येत नसे. खिडकी उघडली की सिमेंट घरात, बंद केली की घुसमट. दर थोड्या दिवसांनी माझा गाल जड व्हायचा, डोकं ठणकायचं, ताप चढायचा. गोळ्यांचा कोर्स घेतला की जरा बरं वाटायचं, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका डॉक्टरांनी अॅलर्जी म्हटलं, तर मी घरातले गालिचे आणि रजया वाटून टाकल्या. दुसऱ्यांनी नाकाचं हाड वाकडं म्हटलं, तेही ऑपरेशन करून सरळ झालं. कुणी नाकात तेल सोडलं, कुणी मला स्वप्नं कसली पडतात ते विचारलं. शेवटी सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे दिल्लीची हवा. "मॅडम, दिल्ली छोड दीजिए," असं एक मोठे डॉक्टर इतक्या सहज म्हणाले, जसं काही मी तिथे सहलीला आले होते.

ह्यांनी ते मनावर घेतलं. वाईला माझा भाऊ आहे, हवा चांगली, घर मोठं. दसरा झाला की मी तिकडे जायचं असं ठरलं. जायचं तिकीट काढलं, परतीचं काढलं नाही, कारण बरं कधी वाटेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मुक्ताचं दहावीचं वर्ष होतं. ती दोनतीनदा येऊन एवढंच विचारून गेली, "आई, बोर्डाच्या आधी तू येशील ना? पक्का?" मी हो म्हणायची. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि रडून घ्यायची. रडल्यावर नाक आणखी चोंदायचं, ती गोष्ट वेगळी.

आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच, पण नवरात्रात गच्चीवर भोंडला व्हायचाच. पाटावर खडूने हत्ती काढायचा, त्याच्याभोवती हात धरून फेर धरायचा, आणि शेवटी प्रत्येकीने घरून झाकून आणलेली खिरापत इतरांनी ओळखायची. डबा हलवून पाहायचा, झाकणाला नाक लावायचं आणि पदार्थाचं नाव सांगायचं. मी जाणारच नव्हते. इतक्या जवळ उभं राहून गायचं म्हणजे बाजूच्या बाईला माझा वास येणार, ही धास्ती. पण तळमजल्यावरच्या आजी मला न्यायला स्वतः जिने चढून आल्या. त्या साताऱ्याकडच्या, एका सुभेदाराच्या पत्नी. नवरा गेल्यावर कॅन्टोन्मेंटातून मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

फेर झाला. डबे फिरू लागले. बाकीच्या वास घेऊन नावं सांगत होत्या, आणि माझ्याकडे डबा आला की मी तो तसाच पुढे देत होते. माझे डॉक्टरही इतकी वर्षं हेच तर करत आले, असं माझ्या मनात आलं. डबा हलवायचा, काहीतरी नाव सांगायचं, आणि झाकण कुणी उघडायचं नाही. शेवटी आजींचा डबा आला. शेंगदाणे म्हणून झालं, फुटाणे झाले, सगळ्या हरल्या. आजींनी झाकण काढलं तर आत साधं सुकं खोबरं आणि खडीसाखर! सगळ्या हसल्या. मी हात पुढे केला. रुमालात गुंडाळून घरी न्यायचा माझा विचार होता. आजींनी माझा हात बाजूला सारला.

"हातावर न्हाय. आ कर."

"आजी, मी नंतर खाते ना."

"आगं, देवीचा परसाद हाय. काय हाय, कसा हाय, ते इचारायचं नसतं. आ कर म्हन्ते ना!"

मी तोंड उघडलं. मला सवय डाव्या बाजूने चावायची, पण भरवणाऱ्याच्या हाताला आपली सवय कुठली ठाऊक असायला? खडा उजव्या दाढेखाली गेला, मी चावला, आणि अशी कळ निघाली की थेट डोळ्यामागे जाऊन पोचली. गाल धरून मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मनात म्हटलं, वा गं माझे आई, सगळ्यांना साखर आणि माझ्या वाट्याला तेवढा खडा.

वरच्या मजल्यावरची नीलम आपल्या बहिणीला भोंडला दाखवायला घेऊन आली होती. बहीण पानिपतची, दातांची डॉक्टर, नवरात्राच्या निमित्ताने दोन दिवस आलेली. मी तिला आधी कधीच पाहिलं नव्हतं. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि माझा हात कुठे आहे ते बघत राहिली.

"भाभीजी, ये दाढ पहले भी दुखती थी?"

"नहीं तो. बहुत साल पहले कॅप लगाई थी. तब से बिल्कुल चुप है."

"और नाक? दोनों तरफ से बहती है?"

"एक ही तरफ से. इसी तरफ." आणि मग मी तेच आपलं पाठ झालेलं सांगितलं, की दिल्लीच्या हवेमुळे आहे.

ती हसली. "दिल्ली की हवा क्या एक ही नथुने में जाती है?" मग आवाज खाली आणून विचारलं, "अंदर से बदबू आती है?"

मला हुंदका आवरेना. हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि आपण होऊन सांगायला जीभ उचलत नव्हती. अनोळखी बाईने तो शब्द असा सहज उच्चारला आणि माझी लाजच संपली. ती म्हणाली, दसऱ्याच्या आधी माझ्याकडे या, एक एक्स-रे काढून बघू.

घरी आल्यावर हे म्हणाले, "पानिपतला? मराठी माणूस तिथून कधी धड परत आलाय का?" पण रजा टाकून तेच मला बसने घेऊन गेले. हायवेच्या दोन्ही बाजूंना चादरी आणि रजयांची दुकानं. माझ्या वाटून टाकलेल्या रजया आठवून मला हसू आलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. टोपी घातलेल्या त्या गप्प दाढेच्या मुळाशी काळा डाग होता, आणि मूळ थेट सायनसच्या तळाला भिडलं होतं. "आग नीचे वाले फ्लॅट में लगी है," त्या म्हणाल्या, "और सब लोग ऊपर वाले का फर्श धो रहे हैं." फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला याहून सोपं कुणी काय सांगणार? त्यांनी दिल्लीतल्या जबड्याच्या एका सर्जनचं नाव दिलं. त्या सर्जननी आमच्या नाकाच्या डॉक्टरांना सोबत घेऊन दाढ काढली, आतली घाण साफ केली. नाकाच्या डॉक्टरांनीही मोकळेपणाने म्हटलं, की दाताकडे आपलं लक्षच गेलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. न दुखणाऱ्या दाढेकडे माझं तरी कुठे गेलं होतं?

वाईचं तिकीट रद्द केलं. लगेच सगळं आलबेल झालं असं नाही. औषधं बरेच दिवस चालली, मधे एकदा गाल पुन्हा जड झाला तेव्हा माझा धीर सुटला. पण तो कुजका वास गेला तो गेलाच. चांगला वास मात्र यायला तयार नव्हता. बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मुक्ता पाया पडायला वाकली. मी तिला उठवून जवळ घेतलं आणि तिच्या केसांतून शिकेकाईचा वास आला. मला आधी भास वाटला. मी पुन्हा तिच्या डोक्याला नाक लावलं. "आई, छोड ना, बस निकल जाएगी," ती म्हणत होती आणि मी तिला सोडत नव्हते. ती गेल्यावर देवीपुढे बसले. रुसवा कुठे गेला ते कळलंच नाही. कापूर लावला. आला वास, घरभर आला.

पानिपतची बाई त्याच दिवशी गच्चीवर का आली, खडा त्याच दाढेखाली का गेला, यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही. आमचे हे योगायोग म्हणतात, खुशाल म्हणोत. मला एवढंच समजलं, की देवीकडे मी कायम हात पुढे करत आले. मागायचं मी, मिळालेलं पारखायचं मी, नको असेल ते रुमालात गुंडाळायचंही मीच. तिने मात्र जे द्यायचं ते मला भरवावं लागलं. दुखलं म्हणून मी तिला बोल लावले, आणि माझं औषध त्या दुखण्यातच होतं.

पुढच्या वर्षी भोंडल्यात मी भल्याभल्यांच्या खिरापती ओळखल्या. सुंठ घातलेल्या वड्या काय, वाटली डाळ काय, एकीचीही सुटका नाही. शेवटी आजींचा डबा माझ्यापुढे आला. जुन्या खोबऱ्याचा तो किंचित तेलकट वास झाकणातूनच आला आणि माझे डोळे भरले. ओळखलं होतं मी. आजी मिस्किलपणे बघत होत्या.

"हरले, आजी," मी म्हणाले, आणि आ केला.