शिडवाली मावशी

माझ्या मावशीला गावात सगळे 'शिडवाली' म्हणायचे. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. तरुणपणी ती आणि काका तिथे होड्यांची शिडं शिवायचे. पुढे काका गेले, होड्यांना इंजिनं आली आणि शिडांचं काम संपलं. मग एका सकाळी मावशी समोरच्या किराणावाल्याला म्हणाली, "तुमच्या साबणावर ऊन येतंय. दारावर कापडी छत शिवून देऊ का?"

त्याचं बघून न्हाव्यानं शिवून घेतलं, मग सायकलवाल्यानं. रस्ता बदलत गेला. जाळ्यांच्या गोदामात बँक आली, बर्फाच्या कारखान्याचं हॉटेल झालं, न्हाव्याच्या जागी मोबाईल विकायला लागले. नवी पाटी लागली, की मावशी टेप घेऊन हजर.

"दुकान बदललं तरी ऊन तेच आहे," असं तिचं म्हणणं.

शेवटी तिचंही दुकान सुपातून जात्यात आलं. घरमालकानं इमारत त्या हॉटेलवाल्याला विकली. आम्ही भाचे पेटून उठलो, थोरल्या भावानं तर वकीलही गाठला. हॉटेलवाला भेटायला आला, तेव्हा आम्ही बाह्या सरसावून बसलो होतो. मावशीनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

"भिंती कधी पाडणार?"

"तुमची हरकत नसेल तर पुढच्या महिन्यात."

"लवकर पाडा. या ओलीनं माझे गुडघे गेले."

भाऊ आ वासून बघत राहिला.

"पण नव्या इमारतीत मला एक खोली हवी," मावशी म्हणाली, "समुद्राकडे खिडकी असलेली. जन्म गेला इथे, पण त्या बाजूला नुसती भिंत."

"मावशी, समुद्राकडच्या खोल्या पाहुण्यांसाठी आहेत."

"आणि पाहुण्यांच्या डोक्यावरच्या छत्र्या कोण शिवणार?"

तो हसला, पण हो म्हणाला नाही. आठवड्यानं परत आला. स्वयंपाकघराला लागून, समुद्राच्याच बाजूला, एक लहानशी खोली निघत होती. "धूर येईल थोडा," तो चाचरत म्हणाला.

"होड्यांच्या डांबराच्या वासात संसार केलाय मी. धुराचं काय घेऊन बसलात?"

इमारत पाडायला घेतली, तेव्हा मावशी स्टूल टाकून बघायला बसली. कौलं उतरली, भिंती पडल्या, ती बसूनच होती. मग आडवी तुळई खाली आली. काका ज्याला शिड टांगायचे, तो लोखंडी आकडा अजून तिच्यात होता. मावशी उठली, कामगाराकडून तो काढून घेतला आणि पदरानं पुसत राहिली. नंतर डोळेही पुसले.

"चला, ऊन चढलं," म्हणाली.

आता ती त्या नव्या खोलीत बसते. पहिल्याच छत्र्यांना उशीर झाला, म्हणून हॉटेलवाला विचारायला आला. "ती होडी आत येऊ दे, मग बोलू," म्हणून मावशीनं त्याला खिडकीशी, आपल्या शेजारी उभं केलं. खाऱ्या वाऱ्यानं मशीन गंजतं म्हणून ती रोज तेल घालते आणि कुरकुरते. "मग खिडकी लावून घे ना," म्हटलं, की मात्र तिला ऐकू येत नाही.