नलिनी सिस्टरांची दुसरी फेरी

लग्न असो की नाटक, नलिनी सिस्टर सगळ्यांच्या शेवटी उठायच्या. हॉल रिकामा व्हायचा, मांडववाले खुर्च्या एकात एक घालायला लागायचे, तरी या आपल्या पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. मी निघायची घाई केली की म्हणायच्या, "थांब गं. पाहुणे गेल्यावर घर कसं दिसतं ते बघू दे." डोंबिवलीत मानपाडा रोडला आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत. कल्याणच्या एका हॉस्पिटलात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, मूळच्या देवगडकडच्या. इमारतीत कुणाला काही दुखलं-खुपलं की आधी त्यांचं दार वाजायचं.

दार उघडून त्या समोरच्याला पहिल्यांदा बसवायच्या आणि म्हणायच्या, "तुला काय वाटतंय ते नंतर सांग. काय दिसतंय ते आधी सांग." नर्सने काय करावं याबद्दलही त्यांचं एकच म्हणणं होतं. "दिसलं की सांगायचं. ठरवायचं काम डॉक्टरचं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. एकदा शेजारच्या काकांनी छातीत दुखतंय हे मुलापासून लपवायला सांगितलं, तर सिस्टरांनी त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला. काका महिनाभर बोलले नाहीत. सिस्टरांना त्याचं काही वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला बोटीच्या सहलीला यायचं का विचारलं. मी आनंदाने हो म्हटलं. मग कळलं की त्यांनी एकाच बोटीच्या लागोपाठ दोन फेऱ्या ठरवल्या आहेत. मुंबईहून गोवा आणि परत, आणि परतल्या दिवशीच त्याच बोटीने लक्षद्वीप, कोची आणि परत. केबिनही तीच. मी म्हटलं, "सिस्टर, तेच तेच बघून कंटाळा येईल." त्या म्हणाल्या, "पहिल्या फेरीत बोट आपल्याला दाखवतात. दुसऱ्या फेरीत आपण बघायची."

आमची केबिन आवरायला संदेश नावाचा माणूस यायचा. छत्तीस-सदतीसचा, हसरा, खडवलीचा. आम्ही मराठीत बोलताना ऐकून त्याने पहिल्याच दिवशी चौकशी केली आणि सिस्टरांना मावशी म्हणायला लागला. घरी बायको वैशाली आणि आठवीतली मुलगी. दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "डावा पाय बघ कसा टाकतोय." त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नवीन बूट आहे मावशी, चावतो जरा." सिस्टरांची नजर त्याच्या पायावरून हटली नाही.

गोव्याची फेरी संपली त्या सकाळी सगळी बोट बॅगा ओढत उतरली. मागे राहिलो आम्ही अकरा जण. आम्हाला एका दिवाणखान्यात जमवलं, खाली नेऊन कागद तपासले, नवीन कार्डं दिली आणि तासाभरात परत वर सोडलं. हजारभर माणसांची बोट आणि त्यात आम्ही. संगीत बंद, दिवे निम्मे, जेवणघरात उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. सिस्टर खुशीत होत्या. आम्ही आमच्या मजल्यावर आलो तर बोळातली सगळी दारं सताड उघडी, प्रत्येक दारापुढे चादरींचे ढीग, आणि माणसं धावत असलेली. दुपारी नवीन प्रवासी यायच्या आत सगळ्या खोल्या तयार व्हायला हव्या होत्या.

एका ढिगावर संदेश बसला होता. बूट काढलेला. आम्ही त्या वेळी तिथे असू असं त्याला वाटलंच नसावं. मोज्यावर पिवळा डाग होता आणि वास येत होता. सिस्टर त्या वयात खाली बसल्या, मोजा काढला. करंगळी आणि शेजारचं बोट काळपट पडलं होतं.

"दुखत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. म्हणूनच तर लक्षात नाही आलं."

"शुगर कधीपासून आहे?"

तो हळूच म्हणाला, "तीन वर्षं. इथे सांगितलेलं नाही." त्याने सिस्टरांचे हात धरले. "माझं कॉन्ट्रॅक्ट संपायला सहा आठवडे राहिलेत. आता उतरवलं तर हे लोक परत घेणार नाहीत. सहा आठवडे फक्त. घरी गेलो की पहिलं दवाखान्यात जातो. बोटीवरच्या डॉक्टरला सांगू नका."

मी सिस्टरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता या उठतील आणि सरळ डॉक्टरकडे जातील. त्या म्हणाल्या, "केबिनमध्ये ये. पट्टी बांधते."

तीन दिवस त्यांनी त्याला पट्टी बांधली. तो सकाळी आवरायला यायचा, दार लावून खुर्चीवर बसायचा. सिस्टरांकडे स्वतःची औषधांची पेटी होती, त्यातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही त्यांनी त्याला दिल्या. बाहेर दुसरी फेरी सुरू झाली होती. मॅनेजरने स्वागताचं तेच भाषण केलं, लाइफ जॅकेट घालून तीच कवायत झाली, जादूगाराने तोच रुमाल काढून तोच विनोद केला. नवीन लोक हसत होते. सिस्टर बसल्या जागी बोटं मोडत होत्या. मी रोज विचारायचे, "डॉक्टरना सांगूया का?" त्या म्हणायच्या, "उद्या बघू. आज जरा बरं वाटतंय." त्यांच्या तोंडी 'वाटतंय' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो टॉवेल घेऊन आला आणि दारातच भिंतीला टेकला. अंग थरथरत होतं, पोटरीपर्यंत पाय लाल झाला होता. सिस्टरांनी त्याला पलंगावर निजवलं आणि स्वतः खाली डॉक्टरकडे गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी सांगितलं, "मला तीन दिवसांपासून माहीत होतं. मी नर्स आहे." सकाळी कोचीला संदेशला स्ट्रेचरवरून उतरवलं. उरलेले दोन दिवस सिस्टर केबिनबाहेर पडल्या नाहीत.

त्याची दोन बोटं कोचीत काढली. घरी आणल्यावर कल्याणला अर्धं पाऊल काढावं लागलं. नोकरी अर्थातच गेली. सिस्टरांनी पत्ता मिळवला आणि एक दिवसाआड खडवलीला जाऊन ड्रेसिंग करायला लागल्या. काही वेळा मीही जायचे. वैशाली दार उघडायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत निघून जायची. म्हातारीने डॉक्टरला सांगितलं म्हणून नोकरी गेली, एवढंच तिच्या कानावर आलं होतं.

एका दुपारी तिला राहवलं नाही. "तुम्ही तोंड उघडलं नसतं तर सहा आठवड्यांत हे आपल्या पायांनी घरी आले असते," ती म्हणाली.

सिस्टरांनी हातातली कात्री खाली ठेवली. "नसता आला गं. मी सांगितलं ते बरोबरच होतं. पण मी तीन दिवस सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन बोटांवर भागलं असतं. पाऊल माझ्यामुळे गेलं. राग धरायचा तर त्याचा धर."

संदेश म्हणाला, "अगं, मीच त्यांचे हात धरलेले. मीच नका सांगू म्हटलेलं."

"तुम्ही घाबरलेले होता," वैशाली त्याला म्हणाली. मग सिस्टरांकडे वळली. "ह्यांनी म्हटलं. तुम्ही का ऐकलंत?"

सिस्टरांनी कात्री उचलून पेटीत ठेवली. "मला त्याची दया आली," त्या म्हणाल्या.

वैशालीने डोळे पुसले. "उद्यापासून येऊ नका."

"बरं. पण आज बस इथे. मी सांगते तसं कर."

आणि त्यांनी तिला ड्रेसिंग शिकवलं. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, जखमेची कड कशी बघायची, कुठला रंग दिसला की थेट हॉस्पिटल गाठायचं. वैशालीने सगळं नीट केलं. सिस्टरांनी पेटी तिथेच ठेवली.

स्टेशनवर मी समजूत घालायला गेले. "सिस्टर, तुम्ही सांगितलंत म्हणून त्याचा जीव तरी वाचला."

"ते तुझं समाधान आहे, मेघना. मला नको देऊस." गाडीत चढताना म्हणाल्या, "तिने विचारलं ते बरोबर विचारलं. माझ्याच लोकांनी, तूसुद्धा, मला कधी असं विचारलं नाही."

त्यानंतर त्या खडवलीला गेल्या नाहीत. इमारतीतल्या कुणी दार वाजवलं तरी म्हणायच्या, "डॉक्टरकडे जा बाबा, मला नका दाखवू." गेल्या मार्गशीर्षात, आजारी न पडता, एका दुपारी आरामखुर्चीत बसल्या बसल्या त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी संदेशला फोन केला. उचलला वैशालीने. मी सांगितलं.

ती म्हणाली, "जखम वैशाखातच भरलेली. त्यांना फोन करायचा होता, राहून गेलं."