शिपायाला मारलेली हाक

इतकी वर्षे लोटली, पण उमरखेड ठाण्यातली ती केस माझ्या मनातून जात नाही, कारण तिच्यात एका निरपराध माणसाला मी फासाच्या वाटेला लावायला निघालो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मी नागपुरात वाढलेला, नवा फौजदार. अंगात रग भरपूर होती आणि शेतीतले मला काडीचे कळत नव्हते.

महागाव रस्त्यावरच्या एका गावात कापसाचे एक मोठे शेतकरी स्वतःच्याच मोटारीखाली चिरडून गेल्याची खबर आली. मोटार जॅकवर उचलून ते खालून काहीतरी दुरुस्त करीत होते. मी जागेवर जाऊन पंचनामा केला. गुरांच्या हौदाजवळची ओलसर काळी माती, जॅक आडवा पडलेला, मोटार डावीकडे बसलेली. दहा पावलांवर कापसाने भरलेली बैलगाडी पुढे वाकून तिचे जू जमिनीला टेकलेले, कापूस सांडलेला, आणि मोटारीच्या वाटेवर एक जाड लाकूड. सगळे लिहिले आणि अकस्मात मृत्यूची नोंद केली.

दुपारी मयताच्या शेजारचे मास्तर ठाण्यात आले. तेही नागपूरचेच, बदली होऊन आलेले. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "फौजदारसाहेब, मी कानांनी ऐकलंय. ते दोनदा ओरडले, 'शिपाई! शिपाई!' आणि लगेच धाडकन आवाज झाला. चारच दिवसांपूर्वी त्यांनी ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली होती."

मग काय विचारता! जिवाला धोका दिसला की माणूस पोलिसालाच हाक मारणार. सांडलेला कापूस म्हणजे झटापट. संध्याकाळच्या आत मी ड्रायव्हरला अटक केली आणि स्वतःवर फार खूश झालो.

ड्रायव्हर जवळच्या तांड्यावरचा बंजारा, तिशीतला. मी दटावले, चुचकारले, उपाशी ठेवण्याची धमकीही दिली. त्याचे एकच वाक्य, "माह्यामुळंच मेले मालक." पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही हे मला ठाऊक होते, पण माझी खात्री पटायला तेवढी पुरली. खुनाचे कलम लावून त्याला रिमांडसाठी पाठवायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद साफ लिहून काढण्यासाठी मी पंचनामा वाचत होतो आणि ठाण्याचे जुने जमादार लिहून घेत होते. बैलगाडीपाशी आलो तसा त्यांचा टाक थांबला.

"साहेब, भरल्या गाडीचा शिपाई कोनं काढला?"

"शिपाई? आपला कोण होता तिथे?"

जमादारांना आधी हसू आले, मग ते एकदम गंभीर झाले. "आपला नाई, साहेब. बैल सोडले का जू खाली पडू नये म्हनून समोर जे लाकूड लावतेत, त्याले शिपाई म्हनतेत. भरल्या गाडीचा शिपाई कोनी काढत नाई. जिवावर बेतलं असन तरच काढन."

मी पंचनाम्याचा तो कागद पुढे ओढला. ते वाटेवरचे जाड लाकूड मी स्वतःच्या हाताने मोजून लिहिले होते!

ड्रायव्हरला बाहेर आणून बसवले, पाणी दिले आणि विचारले, "मालकांनी कोणता शिपाई मागितला?"

त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग बोलला. "बैलगाडीचा. चार दिवसापयले मी म्हनलं होतं, मालक, इथं जमीन दबते, मोटार उचलू नोका, उचलाचीच असन तं खाली शिपाई तरी लावू. लोकाइसमोर उलटं बोललो म्हनून थापड बसली. काल बी म्हनाव वाटलं, पन थापड आठवली आन् गप बसलो. जॅक दबून राह्यला तसा मालकानं आवाज देल्ला. मी पयत गेलतो, शिपाई उपसला, पन पोचलोच नाई. माह्यामुळंच मेले नं, साहेब?"

वरिष्ठांचा निरोप आला होता की आरोपी कबूल आहे, कशाला घोळ घालता. मी हट्टाला पेटलो. पंच बोलावले, मोटार त्याच जागी आणून, खाली कोणी नसताना उचलली. थोड्याच वेळात जॅकची बैठक मातीत दोन बोटे रुतली, जॅक तिरपा झाला आणि मोटार खाली आली. कोणी हातही लावला नव्हता.

मग ड्रायव्हरला म्हटले, "आता तुझ्या पद्धतीने करून दाखव." त्याने मोटार सपाट, कडक मुरमावर नेली. गिअरमध्ये टाकली, हातब्रेक ओढला, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. जॅकखाली रुंद फळी ठेवली. गाडी उचलल्यावर आसाखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे भक्कम ठोकळे सारले आणि जॅक उतरवून सगळा भार त्यांच्यावर घेतला. एक पंच विटा घेऊन आला, तर म्हणाला, "ईट कायले? ईट फुटते." शेवटी दोन्ही हातांनी गाडी हलवून पाहिली आणि म्हणाला, "आता जा खाली. जॅक उचलाले असते, साहेब, भरवशाले नाई."

हे सगळे पंचांच्या सह्यांनिशी वर पाठवले. वरिष्ठ चिडले, पण कागदापुढे त्यांचे काही चालले नाही. खुनाचे कलम निघाले आणि तो सुटला.

ठाण्याच्या पायरीवर तो घुटमळला. मास्तरांचा जबाब त्याच्या कानावर गेला होता. "साहेब, खरं सांगा. मालकानं त्या टायमाले मले आवाज देल्ला, का माह्या भेवानं पोलिसाले?"

"तुलेच," मी म्हणालो. माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

चौकशीत त्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नव्हता. तो तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी दार लावून घेतले, मला त्याच्याकडे बघवेना. पुढे नोकरीत शेकडो जबाब घेतले. माणसाने वापरलेल्या शब्दाचा अर्थ त्याच्याच गावच्या माणसाला विचारल्याशिवाय मी एकाही जबाबाखाली सही केली नाही.