भाऊजींच्या फॉर्मात मी लिहिलेलं ‘नाही’

तुम्हाला पोलिसांनी कधी उचललं आहे का? थांबा, लगेच मान हलवू नका. खटला नाही, शिक्षा नाही, नुसतं गाडीत बसवून ठाण्यात नेलं आणि संध्याकाळी समज देऊन सोडलं, असं तरी? कॅनडाच्या व्हिसाच्या फॉर्मात हा प्रश्न होता. माझ्या भाऊजींच्या वतीने त्याचं उत्तर मी भरलं. खोटं भरलं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील तारापूरच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही सालवडला राहायला आलो. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गेटवर वाटलेली, बोनसची, संपाची, वायुगळतीची. वडील ती घडी करून खिशातून आणत आणि आई त्या कागदांवर भाकऱ्या काढत असे. पिठाने पुसट झालेली अक्षरं जोडत मी वाचायला शिकले. कॉलेजात गेल्यावर मीच पत्रकं लिहायला लागले. आमच्या चाळीत असा नियमच होता की जी लिहिते तिनेच सगळ्यांचे फॉर्म भरायचे. रेशनकार्ड झालं, पीएफ झाला, पासपोर्ट झाला. मग लोक परदेशी जायला लागले आणि व्हिसाचे फॉर्मही माझ्याकडे आले. ‘एजंटाच्या दारात जाऊ नका, वकिलाच्या तर नकोच, आपला अर्ज आपण भरा’ असं एक पत्रक मी स्वतः छापून बोईसर स्टेशनबाहेर वाटलं होतं.

माझी ताई नर्स. दोन वर्षांपूर्वी वर्क परमिटवर ती कॅनडातल्या एका वृद्धाश्रमात नोकरीला गेली. भाऊजी बोईसरला ऑपरेटर, ते मागे राहिले. त्यांचा संसार फोनवर चालला होता. भाऊजी पिठाच्या डब्याला फोन टेकवून भाजी करायचे आणि ताई तिकडून ओरडायची, “अहो, मोहरी तरी तडतडू द्या!” नवरा म्हणून तिच्याकडे जाण्याचा अर्ज करायचं ठरलं, तेव्हा लॅपटॉप अर्थातच माझ्यापुढे आला.

पोलिसांचं प्रकरण त्याच्या वर्षभर आधीचं. भाऊजींच्या कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामगारांचं आंदोलन होतं. भाऊजी त्यात नव्हतेच. शिफ्ट सुटून घरी चालले होते. मी पत्रकांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “पाच मिनिटं धरा, अजून झेरॉक्स घेऊन येते.” मी परत आले तोवर पोलिसांची गाडी भरून गेली होती. गठ्ठ्यासकट भाऊजीही गेले. संध्याकाळी सगळ्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी मी नवं पत्रक काढलं, ‘निरपराध कामगाराला अटक!’ त्यात ‘अटक’ हा शब्द सगळ्यात जाड ठशात होता.

फॉर्म भरताना तो प्रश्न आला. भाऊजी म्हणाले, “तो गेटवरचा दिवस लिहायचा का गं?”

“ती अटक नव्हती, दडपशाही होती,” मी म्हणाले. “तिची कबुली आपण का द्यायची?”

“तुझ्याशी बोलायचं म्हणजे सभेत उभं राहिल्यासारखं वाटतं, पुढारीणबाई,” ते हसले. “भर तुला वाटेल ते.”

मी ‘नाही’वर टिचकी मारली. त्या वेळी मला ते तत्त्व वाटलं. खरी गोष्ट एवढीच होती की ‘हो’ केलं असतं तर खाली तपशील लिहायला जागा उघडली असती, आणि तो गठ्ठा कोणाचा होता ते मला लिहावं लागलं असतं.

पुढे महिने गेले, उत्तर येईना. ताई म्हणाली, “आता एखाद्या इमिग्रेशन वकिलाला विचारूया.” मी कुरकुरत शोधायला लागले.

पालघरला कचेरीजवळ एक वयस्क वकील बसतात. आमच्या चाळीचे भाडेकरार त्यांनीच केलेले. ते म्हणाले, “हे बघ बाळ, मी इथला वकील. तिथल्या कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही. अन् कळलं तरी मी फी घेऊन तुझ्या भाऊजींच्या वतीने तिथे उभा राहू शकत नाही. तिथला परवाना असलेला वकील किंवा सल्लागार लागतो. त्यांच्या याद्या इंटरनेटवर उघड्या असतात. बोर्डावर काय लिहिलंय ते बघू नकोस, यादीत नाव बघ.” मी ज्यांना चोर ठरवलं होतं त्यांच्यातल्याच एकाने मला असं फुकट शहाणं करून सोडलं. आभार मानताना माझी जीभ जड झाली होती.

तरी घरी परतताना बोईसरला काचेवर देशोदेशीचे झेंडे चिकटवलेल्या एका एजंटाच्या ऑफिसात शिरलेच. परवाना क्रमांक विचारला तर तिथला माणूस म्हणाला, “अरे मॅडम, नंबर-वंबर छोडो, काम देखो.” मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “पोलिसांनी कधी नेलं असेल तर?”

“सब जगह नो लिखने का,” तो म्हणाला. “कौन देखता है?”

मी ताडकन उठले. एरवी मी त्याला तिथेच सुनावलं असतं आणि घरी येऊन पत्रक लिहायला बसले असते. पण सुनावणार काय? तो जे सांगत होता ते मी आधीच करून बसले होते. त्याने निदान त्या खोट्याला तत्त्वाचं नाव दिलं नव्हतं.

वकील शेवटी ताईने त्या यादीतूनच शोधली. सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल ठरला. एका चौकटीत ताई, ड्युटीवरून आलेली, गणवेशातच. एका चौकटीत वकीलबाई. इकडे भाऊजी आणि मी, आमच्या स्वयंपाकघरात. बाई हिंदीत बोलत होत्या आणि त्यांचे प्रश्न अगदी साधे होते. आधी कुठल्या देशाने व्हिसा नाकारलाय का? नोकरीच्या तारखांमध्ये मोकळे महिने आहेत का? लग्नाचे पुरावे काय जोडलेत? मग विचारलं, “कधी अटक? खटला न होता नुसतं नेऊन सोडलं असलं तरी सांगा.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एवढंच? गुन्हा दाखल नाही, आरोप नाही. तेव्हाच ‘हो’ लिहून पोलीस ठाण्याचा एक कागद जोडला असता तर बहुतेक काहीच अडलं नसतं. अडचण त्या दिवसाची नाही, या उत्तराची आहे. खोटी माहिती दिली असं व्हिसा ऑफिसने ठरवलं तर पाच वर्षं दार बंद. त्यांनी विचारायच्या आधी आपण दुरुस्ती कळवायची.”

ताईने तोंडावर हात ठेवला. आणखी पाच वर्षं.

“फॉर्म कोणी भरला?” बाईंनी विचारलं.

“मीच,” भाऊजी म्हणाले.

मी तिथेच बसले होते, त्यांच्या कोपराला माझं कोपर लागत होतं. गेटवर माइक नसताना भाषणं केलेली मी त्या क्षणी ओट्यावरच्या साखरेच्या डब्याकडे बघत राहिले. मला कोणी गप्प केलं नव्हतं. पोलीस नव्हते, मालक नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही. कॉल संपला.

दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. “फॉर्म तू भरलास ना?”

“हो.”

“मला एकदा विचारलं असतंस. मी म्हणाले असते, खरं काय ते लिही.” ती रडली नाही, ओरडली नाही. “बरं, ते जाऊ दे. आत्ता का गप्प बसलीस?”

त्या दुपारी मी बाईंना मेल करून सगळं लिहिलं, गठ्ठ्यासकट. त्यांचं उत्तर आलं. हे आपण दुरुस्तीच्या पत्रात कारण म्हणून घालू, पण यामागे लपता येणार नाही. फॉर्म कोणीही भरो, सही अर्जदाराची असते आणि जबाबदारीही त्याचीच.

पोलीस ठाण्यात अर्ज करून त्या दिवसाच्या नोंदीची प्रत मीच आणली. दुरुस्तीचं पत्र गेलं. निकाल अजून आलेला नाही. भाऊजी तसेच आहेत, अजूनही मला पुढारीणबाई म्हणतात. पूर्वी ते ऐकून मला बरं वाटायचं.

त्यानंतर मी लॅपटॉप उघडून मी भरलेले बाकीचे व्हिसाचे फॉर्म पाहिले. त्या प्रश्नापुढे सगळीकडे ‘नाही’ होतं. पुष्कळांना मी तो प्रश्न विचारलाही नव्हता. म्हणून आता घरोघर जाते. परवा एडवणला गेले. तिथल्या एका कोळीण मावशींच्या मुलाचा फॉर्म मी भरला होता. मावशी ओट्यावर सुकट निवडत होत्या. तुमच्या मुलाच्या फॉर्मात माझ्याकडून चूक झाली असेल, असं मी म्हटलं, तर हातातलं सूप खालीही न ठेवता त्या म्हणाल्या, “चूक कशी व्हईल गो? आमाला वाचता येत नाय, तू लिवलंय तं बरोबरच आसल. बस, चा घे.”

मी चहा घेतला. मुलगा होडीवरून येईपर्यंत थांबले, फॉर्म त्याच्यापुढे ठेवला आणि प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवला. एकोणिसाव्या वर्षी जत्रेतल्या भांडणावरून त्याला एक रात्र ठाण्यात बसवलं होतं. त्याने ते सहज सांगितलं. मी विचारलं असतं तर तेव्हाही सांगितलं असतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमचा, तुमच्या नवऱ्याचा, मुलीचा अर्ज बाहेरच्या कुठल्याही देशात गेला असेल आणि तो दुसऱ्या कोणी भरला असेल, मग ती चाळीतली हुशार मुलगी का असेना, तर त्याची प्रत आज मागून घ्या. सहीच्या वरचं सगळं कोणाकडून तरी आपल्या भाषेत वाचून घ्या. एखादं उत्तर खरं नसेल तर त्या देशाच्या यादीतला परवानाधारक माणूस गाठा आणि तिकडून पत्र यायच्या आत दुरुस्ती कळवा. आणि तो फॉर्म मी भरला असेल तर माझी वाट बघू नका. मला आजच बोलवा.